पश्चिमेला तोंड करून सायकल चालवा

नागपुरात सायकलसाठी वेगळा बांधलेला ट्रॅक शोधायला निघालात तर हाती फार काही लागणार नाही, हे आधीच सांगून टाकते. २०२० मध्ये केंद्राचं ते सायकल्स फॉर चेंज चॅलेंज आलं होतं, त्यात आपलं नागपूर पुढे देशातल्या निवडक अकरा शहरांमध्ये आलंसुद्धा, रस्त्याच्या कडेला लेन आखल्या, सायकलचं चित्र काढलं, फोटो झाले, आणि मग त्या लेनचं जे व्हायचं तेच झालं, कार उभ्या राहिल्या, ठेले लागले, पट्टे पुसत गेले. आता मला त्याचा फारसा रागही येत नाही. कारण आपल्या गावात सायकलची मजा त्या पट्ट्यांवर नाहीच आहे, ती शहराच्या पश्चिम बाजूला आहे. फुटाळा, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, अंबाझरी आणि त्याच्याही पलीकडे हिंगण्याकडचा भाग, हा जो एक अर्धगोल आहे ना, त्यात तुम्ही सकाळी उजाडल्यावर लगेच घुसलात तर आपण तीस लाखांच्या आसपासच्या शहरात राहतो हे विसरायला होतं.

आता पश्चिमच काहून, पूर्व का नाही, हा प्रश्न मला खूप दिवस होता. नंदनवनला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तर हा सरळ अन्यायच वाटतो, तिला सायकल चालवायला आधी अख्खं शहर ओलांडून यावं लागतं. तर याचं उत्तर आहे दगडात. नागपूर दोन वेगळ्या दगडांच्या सीमेवर बसलंय. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा, आणि पूर्वेला भंडाऱ्याकडे ग्नाइस नावाचा त्याहून कितीतरी जुना दगड, सपाट जमीन, भाताची शेतं. आपण जिथे शॉपिंगला जातो त्या सीताबर्डीची टेकडी भूगर्भवाल्यांमध्ये फार प्रसिद्ध आहे, कारण तिथे खाली ग्नाइस, मध्ये लामेटा नावाच्या गाळाच्या दगडाचा थर आणि वर लाव्हा असा सगळा प्रकार एका जागी बघायला मिळतो. बर्डीवरून पश्चिमेला निघालं की जमीन वर-खाली व्हायला लागते ती यामुळे. पायाला तर ते लगेच कळतं.

आणि जमीन वर-खाली, म्हणून खोलगट जागा, खोलगट जागा म्हणून बांध घालायला सोपं, म्हणून तलाव. फुटाळा भोसल्यांच्या काळातला, अंबाझरी १८७० चा, गोरेवाडा १९१२ चा. शहराला प्यायला पाणी पाहिजे होतं, तर तलावात जिकडून पाणी येतं ती जमीन मोकळी ठेवणं भाग होतं. आज आपल्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, त्या तलावांवर शहर अवलंबून नाही, पण त्यांच्या मागचं जंगल मात्र राहून गेलं. मला तरी वाटतं, आपण सायकलवाले ज्याला मोठ्या ऐटीत ट्रेल म्हणतो ती सगळी त्या जुन्या पाणीपुरवठ्याची पुण्याई आहे. वनखात्याच्या जीपची चाकोरी, गुराख्यांची पायवाट, कालव्याच्या आणि पाइपलाइनच्या बाजूचा कच्चा रस्ता, यातलं काहीच सायकलसाठी केलेलं नाही, आणि म्हणूनच कदाचित ते अजून शाबूत आहे.

बरं, आता रूट. अगदी नवीन असाल, सायकल परवाच घेतली असेल किंवा पोराची पडून असलेली काढली असेल, तर सिव्हिल लाइन्सपासून सुरू करा. झिरो माइलच्या त्या चार घोड्यांपासून निघायचं, विधान भवनावरून लेडीज क्लब चौक, मग जपानी गार्डन, आणि तिथून सेमिनरी हिल्सचा चढ. सिव्हिल लाइन्समध्ये रस्ते रुंद आहेत, जुनी मोठी झाडं आहेत, बंगल्यांच्या भिंती लांबच लांब असल्यामुळे गल्लीतून अचानक स्कूटी अंगावर येत नाही, आणि सकाळी इतके लोक चालायला असतात की बायकांना एकटं जायला काही वाटत नाही. हे शेवटचं मी मुद्दाम लिहून राहिले. रूट सुचवणारे बहुतेक पुरुष हे लिहीतच नाहीत, अंधारात सुनसान रस्ता किती सुंदर वगैरे लिहितात. सुंदर असेल बाप्पा, पण मी तिथे उजाडल्याशिवाय जात नाही.

सेमिनरी हिल्सचा चढ नवशिक्याला थोडा दम काढतो, घाटासारखा काही नाही, पण टीव्ही टॉवरपर्यंत पोचेपर्यंत गप्पा आपोआप बंद होतात. बालोद्यानाच्या बाजूला झाडी दाट आहे, तिथे धनेश दिसतात, आपले राखाडी धनेश, जोडीने उडतात आणि ओरडतात मात्र फार कर्कश. पुढे वायुसेना नगरच्या बाजूने उतार लागला की फुटाळ्यापर्यंत पॅडल मारायची गरज नाही, ब्रेकवर हात ठेवा कारण खाली वळणावर वाळू असते. फुटाळ्याबद्दल काय लिहू, तलाव तोच आहे, पण काठावर ती भलीमोठी गॅलरी उभी झाल्यापासून सायकलवर बसून पाणी दिसायचं ते कमी झालंय, आणि रविवारी रील्सवाल्यांची गर्दी असते. तिथल्या कुत्र्यांचा एक कळप नवीन माणूस बरोबर ओळखतो. पळवू नका सायकल. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये घ्या आणि शांत चाला, दहा पावलांत त्यांचा इंटरेस्ट संपतो. मग तेलंगखेडीच्या हनुमान मंदिरावरून भरत नगरकडे निघायचं, बाजूला कृषी विद्यापीठाची शेतं आहेत, हिवाळ्यात तिथे गव्हावर धुकं बसलेलं असतं. हा सगळा चक्कर दहा-बारा किलोमीटरचा. एवढ्यासाठी लोक कापडी पॅडिंगवाल्या चड्ड्या ऑनलाइन मागवतात, नका मागवू, साधी ट्रॅक पॅन्ट चालते.

दुसरा भाग गोरेवाड्याचा. काटोल नाक्यावरून निघालं की शहर फार लवकर संपतं, म्हणजे आता तितकंही लवकर संपत नाही, दरवर्षी एखादी स्कीम पुढे सरकते, पण तरी. गोरेवाडा म्हटलं की लोकांना आता झू आठवतं, २०२१ च्या २६ जानेवारीला सुरू झालेलं, तिथे सफारीची बस असते, सायकलचं तिथे काम नाही. आपल्याला पाहिजे तो भाग म्हणजे तलावाच्या आणि जंगलाच्या कडेकडेने जाणारे रस्ते, गोरेवाडा रिंग रोड आणि पुढे फेटरीकडचा. डांबरच आहे, पण चढ-उतार लाटांसारखे येतात, एक संपला की दुसरा, आणि गिअर बदलायची खरी सवय इथेच लागते. काटोल रोडवर चौपदरीकरणामुळे धूळ आणि टिप्पर दोन्ही झाले, म्हणून मी मेन रोड फक्त ओलांडण्यापुरता वापरते.

या बाजूला बिबट आहेत. ही काही घाबरवायची गोष्ट नाही, माहितीची गोष्ट आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात एक बिबट तर आयटी पार्क, गायत्री नगरकडे येऊन गेला होता, आख्खं शहर आठवडाभर व्हॉट्सअॅपवर त्याच्या मागे फिरत होतं, आणि त्याआधी २०१९ मध्ये मिहानच्या भागात वाघ आला होता. टायगर कॅपिटल म्हणून बोर्ड लावायचे आणि वाघ आला की ओरडायचं, हे आपल्या गावालाच जमतं. मी एवढंच पाळते की सूर्य वर आल्याशिवाय जंगलाच्या कडेला जायचं नाही, संध्याकाळी दिवेलागणीच्या आत बाहेर, कानात इयरफोन नाही, आणि दोघी-तिघी सोबत. एका गेटवरचे चौकीदार काका नेहमी टोकतात, "ताई, बिबट्याचं नका भेव घेऊ, रोह्याचं घ्या, तो कुठून येऊन आडवा होईन सांगता येत नाही." खरं आहे ते. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, आणि रस्ता ओलांडताना ते तुमच्याकडे बघतसुद्धा नाही.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र अंबाझरीच्या मागची. तलावाच्या बांधावरचं अंबाझरी सगळ्यांना माहीत आहे, २३ सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठची घरंच्या घरं पाण्यात गेली तेव्हा तर देशभर माहीत झालं. पण तलावाच्या मागच्या अंगाला जे अंबाझरी बायोडायव्हर्सिटी पार्क आहे, साडेसातशे हेक्टरच्या आसपास, तिकडे अजूनही आपल्या घरातले निम्मे लोक गेलेले नसतात. तिकीट काढून आत जायचं, आत मोटारगाड्यांचा त्रास नाही, कच्चे मुरमाचे रस्ते, काही ठिकाणी उंच गवत, काही ठिकाणी झाडी, मधेच एकदम पाणी. नागपूरमध्ये खऱ्या अर्थाने ट्रेल म्हणावं असं काही असेल तर हेच.

इथे सायकल चालवायची पद्धत पण वेगळी होते. डांबरावर आपण स्पीड बघतो, इथे दोन फूट पुढचा दगड बघावा लागतो. मुरमाच्या सैल उतारावर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं, म्हणून वजन मागे टाकायचं, मागचा ब्रेक हळूहळू, आणि हँडल घट्ट धरायचं नाही, त्याला थोडं हलू द्यायचं. चढावर उलटं, सीटवरून उठलात की मागचं चाक नुसतं गरगर फिरतं, बसूनच हलक्या गिअरवर चढायचं. हे मला कोणी शिकवलं नाही, आमच्या ग्रुपमधल्या एक काकू आहेत, बँकेतून रिटायर झालेल्या, त्यांचं बघून बघून आलं. काकूंच्या सायकलला ना सस्पेन्शन, ना डिस्क ब्रेक, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे या. पळस फुललेला असतो, काटेसावर पण, गवत वाळून सोनेरी झालेलं, आणि ऊन अजून चावत नाही. वेडे राघू तारेवर ओळीने, नीलकंठ एखाद्या खांबावर, मोर तर इतके की थोड्या वेळाने कोणी मान वळवत नाही. टिटवी मात्र पूर्ण रस्ताभर तुमच्यावर ओरडते.

आता टायरचं, कारण यावरच लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. दुकानात गेलं की जाड टायरची, पुढे-मागे सस्पेन्शनवाली भारी दिसणारी सायकल दाखवतात, स्वस्तातली असेल तर ती वजनानेच जीव काढते. आपल्या पश्चिम बाजूसाठी साधी हायब्रिड, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारी सायकल पुरते, ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर, आणि कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी. खरा शत्रू बाभूळ आहे. बाभळीचा वाळलेला काटा मुरमात दिसत नाही आणि टायरमध्ये असा शिरतो की वरून फक्त काळा ठिपका, पंक्चर काढून ट्यूब बसवली तरी काटा आतच राहिला असेल तर घरी पोचायच्या आत परत बसते. म्हणून ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवा, हळू फिरवा. एक्स्ट्रा ट्यूब, लीव्हर आणि छोटा पंप ही तीन वस्तू नसतील तर पार्कच्या आत जाऊ नका, तिथे पंक्चरवाला नाही.

पावसाळ्यात एकच नियम, मुरूम चालेल, काळी माती नाही. मुरमातून पाणी लगेच खाली जातं, पाऊस थांबल्यावर अर्ध्या दिवसात रस्ता चालवण्यासारखा होतो. काळी माती पाणी धरून बसते, चाकाला चिकटते, ब्रेक आणि फ्रेमच्या मध्ये भरते आणि मग चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घेऊन चपला हातात घेऊन चालावं लागतं. दुरून फरक ओळखायचा तर रंग बघा, लालसर-तांबूस दिसला तर जा, काळं चकचकीत दिसलं तर तिथूनच वळा, अगदी समोर रस्ता सरळ दिसत असला तरी.

उन्हाळ्याबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं. २०१३ च्या मेमध्ये ४७.९ अंशांवर गेला होता पारा. आणि याच गावात २०१८ च्या डिसेंबरात ३.५. म्हणजे सायकलवाल्याला इथे दोन वेगळ्या गावांसाठी तयारी करावी लागते. एप्रिलपासून मी साडेपाचला निघून सातला घरात असते, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर सायकल सरळ भिंतीला. काही पोट्टे तेव्हाही दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून जातात, किती किलोमीटर केले ते स्ट्रावा अॅपवर टाकायला. जाऊ दे, त्यांना कोण सांगणार. डिसेंबर-जानेवारीत मात्र हातमोजे पाहिजेतच, बोटं बधिर झाली तर ब्रेक दाबला गेला की नाही हेच कळत नाही.

आता पूर्वेकडच्या लोकांसाठी, म्हणजे माझ्या नंदनवनवाल्या मैत्रिणीसाठी, एक खरंच चांगली सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. आपल्या मेट्रोत सायकल नेता येते. लिफ्टने वर, डब्यात सायकल धरून उभं राहायचं, बस. प्रजापती नगरवरून बसलं की अॅक्वा लाइन सरळ सीताबर्डी, सुभाष नगर करत लोकमान्य नगरला सोडते, म्हणजे हिंगणा रोडवर, आणि शहरातली ती सगळी सिग्नलची आणि रिक्षांची कटकट वाचते. तिथून हिंगणा गाव आणि पुढे मोहगाव झिल्पीचा तलाव. एमआयडीसीचा भाग संपेपर्यंत ट्रक असतात, शिफ्ट सुटायची वेळ टाळा, त्यानंतर रस्ता एकदम निवांत, दोन्हीकडे कापूस नाहीतर तूर. झिल्पीला टेकड्यांच्या मधे पाणी आहे, सुंदर आहे, आणि म्हणूनच तिथे लोक उतरतात आणि बुडतात. पाण्यात उतरू नका, काठावर बसून डबा खा. मैत्रीण पहिल्यांदा आली तेव्हा मेट्रोत सगळे तिच्या सायकलकडे बघत होते, एका आजोबांनी तर तिकीट सायकलचं पण काढलं का म्हणून विचारलं.

थोडं लांब जायचं असेल, म्हणजे सकाळचा नाश्ता बाहेर करून दुपारच्या जेवणाला घरी, तर माझं मत धापेवाडा-आदासाला. कळमेश्वरवरून जायचं, एका बाजूने चाळीस किलोमीटरच्या आसपास पडतं. कळमेश्वरच्या पुढे संत्र्याच्या बागा लागतात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आंबिया बहाराची तोडणी सुरू असते, रस्त्याच्या कडेला ढीग लागलेले, आणि घरच्यासारखी दोन-चार संत्री हातात देऊन पैसे न घेणारी माणसं अजून आहेत तिकडे. धापेवाड्याला विठ्ठलाचं देऊळ, नदीचं नाव पण चंद्रभागाच, कोलबा स्वामींचं गाव, विदर्भाचं पंढरपूर म्हणतात त्याला. आषाढीच्या सुमारास सायकलने जाऊ नका, रस्ता पूर्ण वारकऱ्यांचा असतो आणि असायलाच पाहिजे. आदासा तिथून जवळच, छोट्या टेकडीवर गणपती, मूर्ती भलीमोठी, एकाच दगडातली. शेवटचा चढ लहान आहे पण चाळीस किलोमीटर झाल्यावर तो लहान वाटत नाही.

खाण्याचं वेगळं लिहायची गरज नाही, नागपूर आहे, रस्त्यावर कुठेही थांबलात तरी तर्री पोहा मिळेल. फक्त परतीचा रस्ता बाकी असताना तर्री दुसऱ्यांदा मागू नका. पोह्यावर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि चणे जास्त मागा, ते चालतात.

याच्या पुढचं जग मला झेपत नाही. आपल्या गावात दोनशे किलोमीटरच्या ब्रेवे, म्हणजे वेळ ठरवून दिलेल्या लांब राइड, करणारे लोक आहेत, साडेतेरा तासांत संपवायची असते ती, आणि तीनशे-चारशे-सहाशेवाले पण. डॉ. अमित समर्थ तर नागपूरचेच, २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली त्यांनी, जवळपास ४,८०० किलोमीटर, आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, ९,००० च्या वर. माझा नवरा या लोकांचं वाचून वाचून रोड बाइक घेऊन बसला, आता त्याला रामटेक पाहिजे असतं दर रविवारी, हायवेने सरळ मनसर आणि तिथून आत वळायचं, पन्नास किलोमीटर. रस्ता गुळगुळीत आहे, शोल्डर रुंद आहे, नगरधनचा किल्ला पण वाटेत जोडता येतो, सगळं मान्य. पण तो कन्हानपर्यंत सपाट, बाजूने ट्रक, आणि मान खाली घालून पॅडल मारायचं. मी त्याला म्हटलं तू जा, मी अंबाझरीच्या मागे जाते, पोह्याच्या टपरीवर भेटू. तो अकरा वाजता येतो, ऊन खाऊन, लालबुंद होऊन, आणि वर मलाच विचारतो की तू आज किती किलोमीटर केले.